‘पुराण’ या शब्दाला आजचा अर्थ कसा आला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की विदर्भातल्या खेड्यांत संध्याकाळी पोथी लागते, आणि शेतीच्या कामांतून उसंत मिळाली की भागवताचे सप्ते बसतात. सात दिवस पुराण ऐकल्यानंतर श्रोत्यांच्या मनात जे प्रश्न उरतात त्यांतले बरेचसे कथेविषयी असतात; काही मात्र ‘पुराण’ या शब्दाविषयीच असतात. वेदाचा अर्थ ज्ञान, गीतेचा अर्थ गायिलेली, मग पुराण म्हणजे नुसते ‘जुने’ का? हे नाव ग्रंथाला कोणी दिले? पुढील उत्तरे या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांची आहेत.

‘पुराण’ हा शब्द मुळात कशाचे नाव होता?

कशाचेच नव्हता. तो विशेषण होता आणि त्याचा अर्थ ‘पूर्वीपासूनचा, प्राचीन’ एवढाच होता. ऋग्वेदात हा शब्द अनेकदा येतो, परंतु तिथे तो एखाद्या ग्रंथाला किंवा ग्रंथप्रकाराला लावलेला नाही. तिसऱ्या मंडलात अश्विनीकुमारांना उद्देशून ‘पुराणमोकः सख्यं शिवं वाम्’ असे म्हटले आहे, म्हणजे तुमचे घर प्राचीन आहे आणि तुमचे सख्य कल्याणकारी आहे. त्याच मंडलात उषेला ‘पुराणी युवती’ म्हटले आहे: ती फार पूर्वीपासून उगवत आली आहे आणि तरीही रोज तरुण आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याला ‘अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणः’ म्हटले आहे, तिथेही हाच विशेषणाचा अर्थ आहे.

‘पुरा’ म्हणजे पूर्वी, या अव्ययापासून हा शब्द तयार झाला. व्याकरणाच्या नेहमीच्या नियमाने त्यापासून ‘पुरातन’ असे रूप होते. पाणिनीने मात्र स्वतःच्या सूत्रांत ‘त’ नसलेला ‘पुराण’ शब्द वापरला आहे, आणि पाणिनीनेच वापरला म्हणून तो शुद्ध, असे वैयाकरणांनी मानले. ‘पुराणप्रोक्तेषु ब्राह्मणकल्पेषु’ या सूत्रात ‘पुराण’ म्हणजे प्राचीन ऋषी. अठरा पुराणांशी त्याचा संबंध नाही. सूत्र अर्धवट ऐकून पाणिनीने पुराणांचा उल्लेख केला आहे असे सांगणारे भेटतात, म्हणून हे स्पष्ट केले.

विशेषणाचा हा अर्थ हिंदीतल्या ‘पुराना’ या शब्दात अजून जिवंत आहे आणि विदर्भातल्या बाजारांत तो रोज कानावर पडतो. मराठीने त्या जागी ‘जीर्ण’ या कुळातला ‘जुना’ घेतला, त्यामुळे ‘पुराण’ हा शब्द ग्रंथापुरता मोकळा राहिला.

मग विशेषणाचे नाम कधी झाले?

अथर्ववेदात हा बदल झालेला दिसतो. अकराव्या कांडातल्या उच्छिष्टसूक्तात ऋचा, सामे आणि छंद यांच्या पंक्तीत ‘पुराणं यजुषा सह’ असे शब्द येतात. पंधराव्या कांडात व्रात्याच्या, म्हणजे भटक्या व्रतस्थ पुरुषाच्या, मागून निघालेल्यांमध्ये इतिहास, पुराण, गाथा आणि नाराशंसी (वीरांची स्तुतिगीते) यांची नावे एकापाठोपाठ येतात. या दोन्ही ठिकाणी पुराण हे कशाचे विशेषण नसून स्वतंत्र वस्तू आहे: पूर्वीच्या गोष्टींचे सांगणे. गुण सांगणारा शब्द तो गुण असलेल्या वस्तूचेच नाव होऊन बसणे ही भाषेतली नेहमीची वाट आहे. आपल्या खेड्यांत कसत्या जमिनीला नुसते ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला नुसते ‘पांढरी’ म्हणत आले आहेत. जमीन हा शब्द कोणी जोडत नाही आणि ऐकणाऱ्याला तो लागतही नाही. ‘पुराण आख्यान’ यातला ‘आख्यान’ शब्द असाच गळला असावा.

हे सांगणे यज्ञात कुठे होत असे हेही कळते. शतपथ ब्राह्मणातल्या अश्वमेधाच्या वर्णनात वर्षभर चालणाऱ्या कथनाचा एक क्रम दिला आहे, त्याला पारिप्लव म्हणतात. दहा दिवसांची फेरी असे आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. आठव्या दिवशी इतिहास, नवव्या दिवशी पुराण. नवव्या दिवशीचे विधान असे आहे की, ‘पुराण हा वेद आहे’ असे म्हणून काही पुराण सांगावे. ‘काही पुराण’ हा शब्दप्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे, कारण त्यावरून या काळी पुराण म्हणजे अध्याय आणि श्लोकसंख्या ठरलेला ग्रंथ नव्हता, तर ज्यातून प्रसंगी थोडे काढून सांगावे असा मौखिक साठा होता, हे ध्यानात येते. छांदोग्य उपनिषदात नारद आपण काय काय शिकलो याची यादी सनत्कुमाराला सांगतो, तेव्हा चार वेदांनंतर ‘इतिहासपुराणं पञ्चमं’ असे म्हणतो. तिथेही शब्द एकवचनात आहे. तैत्तिरीय आरण्यकात ‘इतिहासान् पुराणानि’ असे अनेकवचन येते, पण ती अनेक आख्याने आहेत. नावे असलेल्या पोथ्या नव्हेत.

‘जे जुने असूनही नवे होते ते पुराण’ ही व्याख्या यास्काची आहे का?

सप्त्याच्या पहिल्या दिवशी हे वाक्य हमखास ऐकायला मिळते आणि ते यास्काच्या निरुक्ताच्या, म्हणजे वैदिक शब्दांची फोड सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथाच्या, नावावर सांगितले जाते. निरुक्तात ‘पुराणं कस्मात्? पुरा नवं भवति’ असे शब्द खरोखरच आहेत. परंतु दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली म्हणजे यास्क तिथे ग्रंथाविषयी बोलतच नाही. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या यादीत, ‘जुना’ या अर्थाचे सहा शब्द आणि त्यानंतर ‘नवा’ या अर्थाचे सहा शब्द दिले आहेत. त्या यादीवर टिपण करताना तो ‘पुराण’ या विशेषणाची फोड सांगतो. दुसरी म्हणजे ‘पुरा’ या अव्ययाबरोबर संस्कृतात वर्तमानकाळाचे क्रियापद भूतकाळाचा अर्थ देऊ शकते, आणि तसे सूत्रही पाणिनीने दिले आहे. त्यामुळे ‘पुरा नवं भवति’ याचा सरळ अर्थ ‘जे पूर्वी नवे होते ते’ असा होतो. जुनी वस्तू कधी काळी नवी होती, इतके साधे ते विधान आहे.

म्हणून प्रवचनातला अर्थ टाकाऊ ठरतो असे मात्र नाही. उषेच्या ऋचेत प्राचीन आणि तरुण हे दोन्ही एकत्र आहेत, आणि पुराण नावाच्या ग्रंथांचे प्रत्यक्ष वर्तन पाहिले तर ते शतकानुशतके नवे होत आलेले आहेत. तो अर्थ परंपरेचा म्हणून सांगावा. यास्काच्या तोंडी घालू नये, एवढेच.

इतरही व्युत्पत्ती आहेत. वायुपुराण म्हणते की पूर्वी जे श्वसत होते, म्हणजे जिवंत होते, ते पुराण. वेदार्थ पूर्ण करते ते पुराण, अशी ‘पूरण’ शब्दावरून केलेली फोड वैष्णव आचार्यांनी सांगितली आहे. तिच्यामागे महाभारतातले ‘इतिहासपुराणाभ्यां वेदं समुपबृंहयेत्’ हे वचन आहे: इतिहास आणि पुराण यांनी वेदाला पुष्टी द्यावी, कारण थोडे शिकलेला मनुष्य आपल्यावर प्रहार करील अशी वेदालाच भीती वाटते. विचार सुंदर आहे, परंतु व्याकरणाच्या दृष्टीने ‘पूरण’ आणि ‘पुराण’ यांचे मूळ वेगळे आहे. ‘पूरण’ या शब्दातून आपल्याला मिळाले ते पुरणाच्या पोळीतले पुरण.

‘भविष्यपुराण’ हे नाव परस्परविरोधी नाही का?

आहे, आणि म्हणूनच या शब्दाच्या इतिहासात ते फार मोलाचे आहे. ‘पुराण’ म्हणजे जुने आणि ‘भविष्य’ म्हणजे पुढे होणारे. दोन्ही जोडून नाव करणे शब्दशः अर्थ जिवंत असताना सुचणार नाही. असे नाव तेव्हाच ठेवता येते, जेव्हा ‘पुराण’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात जुनेपणा येत नाही, तर एका विशिष्ट प्रकारचा ग्रंथ येतो. आपस्तंब धर्मसूत्रात ‘इति भविष्यत्पुराणे’ असे म्हणून एक मत उद्धृत केले आहे. हे सूत्र इसवी सनापूर्वीचे मानले जाते, म्हणजे त्या काळापर्यंत शब्दाचा अर्थ बदलून झाला होता. त्याच सूत्रात इतरत्र नुसते ‘पुराणे’ असे म्हणूनही श्लोक दिले आहेत. एकच पुराण आणि नाव असलेली पुराणे, हे दोन्ही प्रयोग एकाच ग्रंथात शेजारी सापडतात. आज छापील मिळणारे भविष्यपुराण मात्र आपस्तंबाच्या हाताशी असलेले नव्हे. त्यात इंग्रजी राज्याचे उल्लेखसुद्धा आहेत.

पुराणाची पाच लक्षणे कोणती आणि ती सगळ्या पुराणांत आढळतात का?

सर्ग म्हणजे विश्वाची उत्पत्ती, प्रतिसर्ग म्हणजे लय आणि पुन्हा उत्पत्ती, वंश म्हणजे देवांच्या आणि ऋषींच्या वंशावळी, मन्वंतर म्हणजे मनूंचे कालखंड, आणि वंशानुचरित म्हणजे राजवंशांच्या हकिकती. अमरकोशात तर ‘पुराणं पञ्चलक्षणम्’ एवढेच दिले आहे. कोशकाराने ‘पंचलक्षण’ हा पुराणाचा प्रतिशब्द म्हणून द्यावा आणि वाचकाला तो कळावा, यावरून ही व्याख्या किती रुळलेली होती हे दिसते.

आढळतात का, या दुसऱ्या भागाचे उत्तर अडचणीचे आहे. विष्णुपुराण या चौकटीत बरेच बसते. बहुतेक पुराणांत मात्र या पाच विषयांना मिळालेली जागा थोडी आहे, आणि व्रते, दाने, तीर्थे, श्राद्धे, वर्णाश्रमाचे नियम, मूर्ती कशी घडवावी, देऊळ कसे बांधावे, यांनीच पाने भरलेली आहेत. अग्निपुराणात छंदशास्त्र आणि काव्यशास्त्र आहे. भागवताला ही ओढाताण जाणवली असावी, कारण त्याने पाचाऐवजी दहा लक्षणे सांगितली. म्हणजे शब्दाची व्याख्या एका जागी थांबली आणि शब्द पुढे गेला.

तो का पुढे गेला, याचे कारण श्रोत्यांत आहे. वेदाध्ययनाचा अधिकार ज्यांना नाकारला होता अशा स्त्रिया आणि शूद्र यांना पुराण ऐकता येत असे. त्यामुळे धर्माविषयी जे जे सर्वांपर्यंत पोचवायचे होते ते पुराणात घालणे सोयीचे ठरले. आणि ज्या स्थानिक देवता, तीर्थे व व्रते लोकांमध्ये आधीच होती, त्यांना प्रतिष्ठा मिळवायची तर त्यांचे माहात्म्य पुराणाच्या नावावर लागणे हाच मार्ग होता. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालला.

‘आमच्या गावाचे नाव पुराणात आहे’ असे अनेक गावांत सांगतात. त्यात तथ्य किती?

प्रत्येक गावाचे उत्तर वेगळे आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर घ्या. भागवताच्या दशम स्कंधात विदर्भाचा राजा भीष्मक, त्याची कन्या रुक्मिणी आणि त्याची नगरी कुंडिन यांची कथा आहे. ते कुंडिन म्हणजे हे कौंडण्यपूर, अशी जुनी आणि पक्की परंपरा आहे. इथे गावाचा उल्लेख पुराणाच्या मुख्य कथेतच येतो आणि भागवताची कोणतीही प्रत उघडली तरी तो सापडतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारची गोष्ट निराळी. उल्कापाताने झालेल्या त्या सरोवराशी जोडलेली लवणासुराची कथा स्कंदपुराणाच्या नावावर सांगितली जाते, आणि गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात असुराला मारणारा विष्णू आहे. स्कंदपुराण हे असल्या माहात्म्यांचे मोठे माहेरघर आहे. त्याची श्लोकसंख्या एक्याऐंशी हजार सांगतात आणि छापील प्रत माहेश्वर, वैष्णव, ब्राह्म, काशी, अवंती, नागर व प्रभास अशा सात खंडांची आहे. घरोघरी होणाऱ्या सत्यनारायणाच्या पोथीतही अध्यायाच्या शेवटी ‘इति श्रीस्कन्दपुराणे रेवाखण्डे’ असे शब्द असतात. नेपाळात मात्र इ.स. ८१० च्या सुमारास ताडपत्रांवर लिहिलेले स्कंदपुराण मिळाले आहे आणि ते या सात खंडांच्या ग्रंथाहून अगदी वेगळे आहे.

यावरून माहात्म्ये बनावट ठरवण्याची घाई काही अभ्यासकांनी केली. मला ती पटत नाही. ‘स्कंदपुराण’ हे नाव काही शतकांनंतर एका पुस्तकाचे उरले नव्हते. तीर्थमाहात्म्याने कोणत्या घराण्यात नाव नोंदवावे याचे ते उत्तर झाले होते. अशा वेळी ‘स्कंदपुराणात आहे’ याचा अर्थ ‘आम्ही हे त्या परंपरेतले मानतो’ असा घ्यावा. कालनिर्णयाचा पुरावा म्हणून मात्र ते वाक्य वापरू नये.

पुराण आधी एकच होते की पहिल्यापासून अठरा?

विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात असे सांगितले आहे की व्यासांनी आख्याने, उपाख्याने, गाथा आणि कल्पविषयक वचने एकत्र करून एक पुराणसंहिता रचली व ती रोमहर्षण नावाच्या सूताला दिली. पुढे त्याच्या शिष्यांनी तिच्या आणखी संहिता केल्या. म्हणजे परंपरेलाही ‘एकातून अनेक’ हाच क्रम मान्य आहे. प्रत्यक्षात एकच मूळ ग्रंथ होता असे सिद्ध करता येत नाही. शब्दाचा प्रवास मात्र आधी एकवचनी साठा आणि मग नामधारी ग्रंथ, असाच झालेला आहे.

अठरा नावे पाठ करण्यासाठी एक श्लोक आहे: ‘मद्वयं भद्वयं चैव ब्रत्रयं वचतुष्टयम्, अनापलिङ्गकूस्कानि’. ‘म’ची दोन म्हणजे मत्स्य आणि मार्कंडेय, ‘भ’ची दोन, भविष्य आणि भागवत, ‘ब्र’ची तीन, ब्रह्म, ब्रह्मांड आणि ब्रह्मवैवर्त, ‘व’ची चार, वराह, वामन, वायू आणि विष्णू, मग अग्नी, नारद, पद्म, लिंग, गरुड, कूर्म आणि स्कंद. काही याद्यांत वायूच्या जागी शिवपुराण येते, आणि भागवत म्हणजे विष्णूचे की देवीचे, हा वादही जुना आहे. इ.स. १०३० च्या सुमारास भारताविषयी लिहिणाऱ्या अल्बेरूनी या मुसलमान विद्वानाने अठरा पुराणांची नावे नोंदवली, तेव्हा आपण स्वतः त्यांपैकी मत्स्य, आदित्य आणि वायू यांचेच काही भाग पाहिले असे त्याने लिहिले. आदित्यपुराण वरच्या यादीत नाही.

पुराण पूर्वी कोण सांगत असे?

पुराणांच्या स्वतःच्या साक्षीप्रमाणे सूत. नैमिषारण्यात जमलेले ऋषी खाली बसून ऐकतात आणि सूत सांगतो, ही पुराणांची नेहमीची मांडणी आहे. वायुपुराणात म्हटले आहे की देवांचे, ऋषींचे आणि थोर राजांचे वंश जतन करणे हे सूताचे काम. वेदांवर त्याचा अधिकार नाही. मनुस्मृतीत सूत ही क्षत्रिय पिता आणि ब्राह्मण माता यांपासूनची संकर जात म्हटली आहे. आपल्या खेड्यांत वही घेऊन येणारे आणि घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे वाचून दाखवणारे भाट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना सूताचे काम समजायला अडचण पडणार नाही. पुढे हे काम ब्राह्मण पौराणिकांकडे गेले आणि ‘पुराणिक’ हे आडनाव झाले. पुराणातला वक्ता मात्र सूतच राहिला, हे मला विलक्षण वाटते.

पोथीवरून गावात पुराण वाचण्याचे एक सुरेख जुने वर्णन सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या हर्षचरितात आहे. बाण राजाकडून आपल्या शोणाकाठच्या गावी परततो, तेव्हा सुदृष्टी नावाचा पुस्तकवाचक येऊन बसतो, पोथीची दोरी सोडतो, वाचून झालेल्या भागाची खुणेची जागा काढतो आणि वायूने सांगितलेले पुराण गोड आवाजात वाचतो. इथे ‘पुराण’ या शब्दाला आणखी एक छटा आलेली आहे: तो ग्रंथ आहेच, शिवाय अमुक वेळी चार लोकांसमोर होणारा कार्यक्रमही आहे. ‘आज पुराण आहे’ या मराठी वाक्यात हीच छटा आहे.

पुराण वेदांच्या तोडीचे मानले जाते का?

श्रुती आणि स्मृती या विभागणीत पुराण स्मृतीकडे जाते, म्हणजे वेदाशी विरोध आल्यास वेद प्रमाण. याज्ञवल्क्यस्मृतीत धर्माची आणि विद्येची चौदा स्थाने मोजली आहेत आणि त्या यादीत पुराण पहिले आहे. पुराणे स्वतःविषयी अधिक बोलतात. मत्स्यपुराण म्हणते की ब्रह्मदेवाला सर्व शास्त्रांत आधी पुराण आठवले आणि वेद त्यानंतर त्याच्या मुखांतून बाहेर पडले. विशेषणाचा जुना अर्थ इथे अभिमानाने परत आलेला दिसतो: नावच ‘जुने’ आहे, तर वेदांच्याही आधीचे का नसावे!

पुराण आणि इतिहास यांत फरक कोणता?

प्राचीन वापरात सीमा पुसट आहे. ‘इति ह आस’, म्हणजे ‘असे खरोखर घडले’, यावरून आलेला ‘इतिहास’ शब्द मुख्यतः महाभारताला आणि रामायणाला लावला गेला. कौटिल्याने तर पुराण हा इतिहासाचाच एक भाग धरला आहे. ‘इतिहास खरा आणि पुराण कल्पित’ ही वाटणी अलीकडची आहे. पुराणकथांवर कठोर टीका करणाऱ्या जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त दशावताराच्या कथांमागे जुन्या संघर्षांची हकिकत शोधली, तेव्हा त्यांनीही त्या कथा निव्वळ कल्पना म्हणून बाजूला ठेवल्या नाहीत, हे विसरता येत नाही.

विदर्भापुरते पाहिले तर पुराणांतला वंशानुचरिताचा भाग एके ठिकाणी चांगलाच उपयोगी पडतो. पुराणांत विंध्यशक्तीचा पराक्रमी पुत्र प्रवीर साठ वर्षे राज्य करील आणि वाजपेय यज्ञ करील, असे म्हटले आहे. हा प्रवीर म्हणजे वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन. वाकाटकांच्या ताम्रपटांत त्याने वाजपेयासह चार अश्वमेध केल्याचे कोरलेले आहे. रामटेकजवळचे नगरधन, म्हणजे त्यांचे नंदिवर्धन, आणि वाशीम, म्हणजे वत्सगुल्म, ही त्यांच्या दोन शाखांची ठाणी होती. घडून गेलेला हा वृत्तांत पुराणकार भविष्यकाळात सांगतो, कारण बोलणारे व्यास किंवा सूत असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने हे राजे अजून व्हायचे आहेत. भविष्यपुराणाच्या नावातला विरोध इथे व्याकरणात उतरला आहे.

हा शब्द हिंदू ग्रंथांपुरताच आहे का?

नाही. जैन परंपरेत तीर्थंकरांच्या आणि शलाकापुरुषांच्या, म्हणजे परंपरेने मोजलेल्या थोर पुरुषांच्या, चरित्रांना पुराण म्हणतात. नवव्या शतकातल्या जिनसेनाचार्यांनी आदिपुराणाच्या आरंभीच पुरातन म्हणून पुराण आणि महापुरुषांविषयी म्हणून महापुराण, असा खुलासा केला आहे. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा येथील जैन भांडारांत अशा ग्रंथांची हस्तलिखिते जपलेली आहेत. याहून वेगळे उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे. त्यांनी बायबलची कथा ओवीबद्ध मराठीत लिहिली आणि ती १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापली गेली. तिला आज आपण ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो आणि तिच्या दोन भागांना ‘पैले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ अशी नावे आहेत. त्या काळच्या मराठी श्रोत्याला ओव्यांतून सांगितलेली पवित्र कथा म्हणजे पुराण, हे इतके स्वाभाविक होते की परदेशी धर्मोपदेशकालाही दुसरे नाव शोधावेसे वाटले नाही.

‘पुराण’ नावाचे नाणेही होते म्हणतात, ते खरे का?

होय. मनुस्मृतीत बत्तीस गुंजांच्या रुप्याच्या नाण्याला धरण किंवा पुराण म्हटले आहे.

‘पुराण लावणे’ याला बोलण्यात वाईट अर्थ कसा आला?

पुराण सावकाश चालते, एका कथेत दुसरी निघते आणि दुसरीत तिसरी. ऐकायला बसलेल्याला ते हवे असते. निरोप ऐकून कामाला जायचे असलेल्याला नको असते. ‘काय पुराण लावलंय’ हा वैताग तिथून आला. ‘पुराणातली वांगी पुराणात’ ही म्हण मात्र लांबणीवर नसून दांभिकपणावर आहे. चातुर्मासात वांगी खाऊ नयेत असे व्यासपीठावरून सांगणारा पुराणिक बाजारात वांगी घेताना दिसतो आणि विचारल्यावर हे उत्तर देतो. म्हणीत मूळ शब्द ‘वानगी’, म्हणजे नमुना, असावा असेही काहींचे मत आहे. परंतु चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणाऱ्या घरांत भाजीचाच अर्थ रुळला आहे आणि तो अधिक रंगतदारही आहे.

वऱ्हाडी बोलणारे ‘पुरान’ म्हणतात, त्यावरही विचारणा होते. ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘कोण’चे ‘कोन’ जसे होते तसेच हे नियमित आहे. लिहिताना ‘पुराण’ लिहावे, बोलताना कोणाला टोकू नये.

जुने तेच चांगले, असे या शब्दात गृहीत आहे का?

कालिदासाने या समजुतीला थेट उत्तर दिले आहे. मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेत सूत्रधार म्हणतो, ‘पुराणमित्येव न साधु सर्वम्’, जुने आहे एवढ्यावरून सगळेच चांगले ठरत नाही, आणि नवे काव्य आहे म्हणून ते निंद्यही नव्हे. या नाटकाची नायिका विदर्भाची राजकन्या आहे आणि शेवटच्या अंकात वरदा म्हणजे वर्धा नदी सीमा धरून विदर्भाचे दोन भाग केले जातात. हा ‘पुराण’ मात्र विशेषणच आहे. तो पुराणग्रंथांवरचा शेरा नाही.

शेगावच्या गजानन महाराजांची पोथी पुराण म्हणावी का? आणि गरुडपुराण एरवी घरात का ठेवत नाहीत?

दासगणूंची ‘श्रीगजानन विजय’ ही एकवीस अध्यायांची पोथी संतचरित्र आहे. ती पुराणाच्या रीतीने वाचली जाते, पारायण होते, परंतु तिला पुराण म्हणण्याची रूढी नाही. ‘पोथी’ हा शब्द कोणत्याही पूज्य ग्रंथाला चालतो, ‘पुराण’ मोजक्यांनाच.

गरुडपुराणाविषयीची भीती त्याच्या एका भागामुळे आहे. घरात मृत्यू झाल्यावर तेरवीपर्यंत जो भाग वाचतात तो प्रेतकल्पातला, म्हणजे मृत्यूनंतरच्या गतीविषयीच्या भागातला, किंवा त्याच्या सारातला असतो. उरलेल्या गरुडपुराणात रत्नांची परीक्षा, आयुर्वेद, व्याकरण आणि छंद असे विषय आहेत, आणि ते कधीही वाचावेत. प्रसंगाशी जोडला गेल्यामुळे एका ग्रंथाचे नाव त्याच्या एका तुकड्यापुरते आक्रसल्याचे हे उदाहरण आहे.

घरात जुनी हस्तलिखित पोथी आहे. ती कोणत्या पुराणाची आहे हे कसे ओळखावे?

पहिल्या पानापेक्षा अध्यायाच्या शेवटची ओळ पाहावी. तिला पुष्पिका म्हणतात. ‘इति श्री’ ने सुरू होऊन तीत पुराणाचे नाव, मग खंडाचे किंवा माहात्म्याचे नाव, कोणाचा संवाद आणि अध्यायाचा क्रमांक, असा क्रम असतो. पुष्कळदा हा मजकूर तांबड्या शाईत असतो. शेवटच्या पानावर शके, संवत्सराचे नाव, तिथी आणि लेखकाचे नाव मिळू शकते. हा लेखक म्हणजे प्रत उतरवून काढणारा, ग्रंथकर्ता नव्हे. पुष्पिकेतले पुराणाचे नाव छापील प्रतीत सापडले नाही तरी पोथी निकामी समजू नये, कारण स्थानिक माहात्म्ये अशीच सुटी फिरत आली आहेत. पाने दोरीने आवळून बांधू नयेत, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, आणि नदीत सोडण्यापूर्वी जवळच्या विद्यापीठाच्या संस्कृत किंवा मराठी विभागाला पुष्पिकेचे छायाचित्र दाखवावे.